थर्ड पार्टी लायब्ररींचे अपडेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या टीममध्ये नव्याने येणारी मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. थर्ड पार्टी लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड, जो आपण आयता वापरतो. आमचं काम पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं. पावत्या आणि अहवाल नोड.जेएसवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या मंचावर) चालतात, हिशेबाचा गाभा जावात आहे. त्यामुळे उदाहरणं बहुतेक एनपीएमची (नोडच्या लायब्ररी, म्हणजे पॅकेजेस, आणणारं साधन) आहेत, मधूनच मेव्हनची (जावासाठी तेच काम करणारं). पायथन किंवा पीएचपीवाल्यांच्या कमांड वेगळ्या असतील, दुखणी मात्र हीच.

सगळं नीट चालतंय. मग अपडेटच्या नादाला लागायचंच कशाला?

लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ज्याच्या हाती आहे, त्याने बदलाला बिचकणं साहजिक आहे. हा प्रश्न आळसातून येतो असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुमचा कोड जागचा हलला नाही, तरी त्या लायब्ररीतले जुने दोष रोज कोणी ना कोणी शोधत असतं. दोष जाहीर झाला की दुरुस्ती येते, आणि ती दुरुस्ती वाचूनच हल्लेखोरांना कळतं की न सुधारलेल्या ठिकाणी कुठून शिरायचं.

अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचं प्रकरण यासाठी नीट समजून घ्या. अपाचे स्ट्रट्स या जावाच्या लायब्ररीतल्या दोषाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाली. कंपनीत आतल्या आत सूचनाही फिरली. पण हे स्ट्रट्स आपल्याकडे नेमकं कुठे वापरलंय, ते सगळं सापडलं नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणारं एक पोर्टल तसंच राहिलं. मे महिन्यात चोर तिथून शिरले आणि जवळपास १४.७ कोटी लोकांची माहिती घेऊन गेले. दुरुस्ती दोन महिने हाताशी होती.

दुसरं कारण रोजच्या कामाचं आहे. दर पंधरवड्याला चार लायब्ररी पुढे नेल्या तर तासाभराचं काम होतं. तीन वर्षं काहीच केलं नाही तर एक लायब्ररी हलवायला दुसरी हलवावी लागते, दुसरीला नवं नोड लागतं, नव्या नोडवर तिसरी चालत नाही. मग ज्या दिवशी तातडीची सुरक्षा-दुरुस्ती हवी असते, नेमका त्याच दिवशी हा सगळा गुंता सोडवत बसावं लागतं.

आमच्या यादीत जेमतेम २५ लायब्ररी आहेत. एवढ्याशा प्रोजेक्टला काय धोका?

यादीतल्या २५ तुम्ही निवडल्या. त्यांनी आपापल्या सोबत कोणाला आणलं ते एकदा मोजून पाहा. नोडच्या साध्या प्रोजेक्टमध्येही हा आकडा शेकड्यांत जातो. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं, तेव्हा जगभरातले बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम) कोसळले. ज्यांचे कोसळले त्यातल्या बहुतेकांनी ते नावही ऐकलं नव्हतं. बेबलसारख्या बड्या साधनाच्या पोटात ते कुठेतरी खोलवर बसलेलं होतं.

लॉग४शेलच्या वेळीही तसंच झालं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या, नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतला हा दोष बाहेर आला, जाहीर दोषांच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता दहापैकी दहा. "आम्ही लॉग४जे वापरत नाही" असं अनेकांनी मनापासून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच लायब्ररीच्या आतून ते निघालं. वर त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या आल्या, कारण प्रत्येक दुरुस्तीनंतर आणखी काहीतरी सापडत गेलं. ज्यांना आवृत्ती बदलून सोडण्याची सवय होती, त्यांनी चार वेळा तेच काम केलं. ज्यांना नव्हती, त्यांची पहिलीच उडी चुकत होती.

म्हणून झाड, म्हणजे कोणती लायब्ररी कोणामुळे आत आली त्याचा आराखडा, बघायची सवय लावा. एनपीएममध्ये ‘एनपीएम एक्सप्लेन’ आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की ते कोणाच्या हाताला धरून आत आलं ते कळतं. मेव्हनमध्ये ‘डिपेंडन्सी:ट्री’. नवीन लायब्ररी घेण्याआधीच हे बघावं. तारखेचा एक फॉरमॅट बदलायला चाळीस पाहुणे घरात घ्यायचे का, हे आधीच ठरवलेलं बरं.

आवृत्तीचे तीन आकडे आणि ती ^ ~ चिन्हं काय सांगतात?

२.४.१ मधला २ म्हणजे मेजर, ४ म्हणजे मायनर, १ म्हणजे पॅच. पॅचमध्ये फक्त दुरुस्ती, मायनरमध्ये नवी सोय पण जुनं न मोडता, मेजरमध्ये जुनं मोडू शकतं. ^२.४.१ लिहिलं की ३ च्या खालचं सगळं चालेल. ~२.४.१ लिहिलं की २.५ च्या खालचंच. पहिला आकडा शून्य असेल तर मात्र जपून: ^०.४.१ चा अर्थ ०.५ च्या आतच राहा, कारण शून्यावरच्या लायब्ररीने अजून कसलीच हमी दिलेली नसते.

ही सगळी लेखकाने दिलेली जबान आहे, यंत्राने तपासलेली नाही. जबान प्रामाणिकपणे पाळूनही मोडतोड होते. जानेवारी २०२३ मधलं नोड १८.१३ हे मायनर अपडेट होतं. त्याच्यासोबत भाषा आणि प्रदेशांच्या नियमांचा संच नवा आला, आणि इंग्रजी वेळेत आकडे व पीएम यांच्या मधली साधी जागा जाऊन एक अरुंद, न तुटणारी जागा आली. डोळ्यांना फरक शून्य. पण मजकूर जसाच्या तसा जुळवणाऱ्या टेस्ट आणि ती वेळ पुन्हा वाचणारा कोड जागोजागी आपटला. दोन ओळी समोरासमोर ठेवून लोक तासन्‌तास बघत बसले होते.

लॉक फाइल गिटमध्ये ठेवायची का? मर्ज करताना ती फार छळते.

ठेवायचीच. (गिट म्हणजे कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणारं साधन, कमिट म्हणजे त्यातली बदलाची नोंद, ब्रँच म्हणजे कामाची वेगळी फांदी, मर्ज म्हणजे ती मुख्य कोडात मिसळणं, आणि दोघांचे बदल एकमेकांवर आदळले की कॉन्फ्लिक्ट.) चालवायच्या अ‍ॅप्लिकेशनच्या बाबतीत याला अपवाद नाही. पॅकेज.जेसन, म्हणजे आपण निवडलेल्या लायब्ररींची यादी, सांगतं की कुठल्या कुठल्या आवृत्त्या चालतील. लॉक फाइल सांगते की प्रत्यक्षात कुठली घेतली, पार खालच्या फांदीपर्यंत. बिल्ड सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ न वापरता ‘एनपीएम सीआय’ वापरा. ते लॉक फाइलच्या बाहेर जात नाही, आणि दोन्ही फाइलींचा मेळ बसला नाही तर थांबून ओरडतं. ते ओरडणं आपल्या भल्याचं आहे.

ती छळते म्हणून काय करू नये, हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतो. एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ब्रँचमध्ये लॉक फाइलचा मोठा कॉन्फ्लिक्ट आला. मी फाइल सरळ डिलीट केली, पुन्हा इन्स्टॉल केलं, नवी फाइल कमिट केली. टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. सोमवारी सकाळी दहाला एका शाखेतून फोन आला: "साहेब, पावतीवर नावं तुटून येतायत." त्यांनी फोटो पाठवला. ‘ज्ञानेश्वर’ मधला ज्ञ फुटला होता. पाय मोडलेला ज वेगळा, ञ वेगळा, पुढे पाय मोडलेला श आणि त्याच्या शेजारी व. ‘विठ्ठल’चंही तेच, ‘कृष्णा’चंही तेच. खातेदार काउंटरवर उभे, आणि ही पावती आमची नाहीच असं म्हणत होते.

झालं होतं असं की फाइल डिलीट केल्यावर जवळपास दोनशे पॅकेजेसच्या आवृत्त्या एका झटक्यात पुढे सरकल्या. त्यात पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीच्या पोटातली, अक्षरं जुळवणारी एक छोटी लायब्ररी होती. तिच्या मायनर आवृत्तीत जोडाक्षरांचा एक नियम सुटला. आमच्या पॅकेज.जेसनमध्ये तिचं नावसुद्धा नव्हतं. जुनी लॉक फाइल गिटमध्ये होती म्हणून वीस मिनिटांत मागे जाता आलं. पण दोनशे बदलांमधून तो एक शोधायला दीड दिवस गेला.

बरोबर रीत अशी: पॅकेज.जेसनमधला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवा, लॉक फाइल मुख्य ब्रँचची घ्या, मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा. तुमच्या बदलापुरतंच त्यात हलतं, बाकीचं जागेवर राहतं.

टेस्ट हिरव्या आहेत म्हणजे अपडेट सुरक्षित, असं धरायचं का?

टेस्ट जे विचारतात तेवढ्यापुरतंच. आमची पावतीची टेस्ट विचारत होती: पीडीएफ तयार झाली का? पानं किती? दोन्हीची उत्तरं बरोबर होती. आता आम्ही पावतीचं चित्र काढून आधीच्या चित्राशी ताडतो, आणि नमुन्याच्या नावांत ज्ञ, क्ष, ठ्ठ, र्‍या, कृ हे सगळं मुद्दाम घातलंय. तुमच्या प्रोजेक्टमध्ये अशा जागा दुसऱ्या असतील: रकमेचं पूर्णांकन, तारखा, ईमेलमधली मराठी, एक्सेलची आयात. ज्या ठिकाणी लायब्ररीचं काम संपून खातेदाराच्या हातात काहीतरी पडतं, तिथे टेस्ट लिहा. लायब्ररीच्या आतल्या टेस्ट लायब्ररीवाले लिहितात.

नवीन आवृत्ती आली की लगेच घ्यायची का?

नाही. काही दिवस थांबा. मी हे आधी मानत नव्हतो. ८ सप्टेंबर २०२५ च्या घटनेनंतर माझं मत बदललं.

त्या दिवशी चॉक, डीबग अशी अठरा अतिशय प्रचलित एनपीएम पॅकेजेस दूषित झाली. त्यांच्या देखभालकर्त्याला एनपीएमच्या नावाने बनावट मेल आला, त्यातून त्याचं खातं गेलं, आणि क्रिप्टो व्यवहारातला पत्ता गुपचूप बदलणारा कोड नव्या आवृत्त्यांत शिरला. ही पॅकेजेस मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त वेळा उतरवली जातात. सुमारे दोन तासांत प्रकार उघडकीस आला. म्हणजे ज्यांचं अपडेट तीन दिवसांनी होणार होतं त्यांना काहीच झालं नाही, आणि ज्यांचा बिल्ड त्या दोन तासांत ताजं ते घेत होता, ते सापडले.

एक्सझेड या लिनक्समधल्या, फाइली आवळणाऱ्या लायब्ररीची गोष्टही याच अंगाने बघा. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं. त्याने मागोवा घेतला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला. लिनक्सच्या बहुतेक स्थिर वितरणांपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. त्या माणसाच्या चिकाटीचं मला आजही अप्रूप वाटतं. अर्धा सेकंद कोण सोडून देत नाही?

त्यामुळे नेहमीच्या अपडेटला आम्ही सात दिवस मुरायला देतो. रेनोव्हेट, डिपेंडाबॉट (दोन्ही अपडेट आपोआप सुचवणारी साधनं), पीएनपीएम (एनपीएमला पर्याय) या सगळ्यांत अशी मुदत घालायची सोय आहे. जाहीर झालेल्या दोषाची दुरुस्ती असेल तर मात्र ही मुदत लागू नाही. तिथे बदल वाचायचा, टेस्ट चालवायच्या, त्याच दिवशी सोडायचं.

‘एनपीएम ऑडिट’ने ४३ दोष दाखवले. आता काय करू?

आधी शांतपणे वेगळं करा. फक्त बिल्डच्या वेळी लागणाऱ्या साधनातला दोष आणि बाहेरून आलेली फाइल वाचणाऱ्या लायब्ररीतला दोष एकाच लाल रंगात दिसतात, पण त्यांची घाई सारखी नाही. तीन प्रश्न विचारा: हा कोड प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, जातो का? बाहेरच्या माणसाने दिलेला मजकूर त्याच्यापर्यंत पोचतो का? दोष असलेलं फंक्शन आपण वापरतो का? तिन्हींचं उत्तर होय असेल तर आजचं बाकीचं काम बाजूला ठेवा.

‘ऑडिट फिक्स’ला ‘फोर्स’ जोडून चालवू नका. ते मेजर आवृत्त्याही बदलतं, आणि एकाच कमिटमध्ये दहा गोष्टी हलल्या की काय मोडलं ते कळायला मार्ग राहत नाही. आणि जे दोष तपासून ‘आपल्याला लागू नाही’ ठरवले, त्यांचं कारण एका ओळीत लिहून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी तेच दोष दुसरं कोणीतरी पुन्हा पहिल्यापासून तपासत बसतं.

डिपेंडाबॉट लावला, तर पुल रिक्वेस्टचा ढीग साचला. कोणी बघतच नाही.

पुल रिक्वेस्ट म्हणजे बदल मुख्य कोडात घ्यायची विनंती. तिचा ढीग साचला की माणसं आंधळेपणाने मर्ज करतात किंवा सगळंच दुर्लक्षित करतात, आणि दुसरं जास्त वेळा होतं. लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन), टाइप्स, टेस्टची साधनं यांची एकच गट्ठा रिक्वेस्ट बनवा. टेस्ट हिरव्या असतील तर ती आपोआप गेली तरी चालेल. डेटाबेस, लॉगिन, पीडीएफ, पैशांचं गणित यांच्या लायब्ररी मात्र एकेक, स्वतंत्र कमिटमध्ये, चेंजलॉग (आवृत्तीतल्या बदलांची यादी) वाचूनच.

आणि वार ठरवा. आमच्याकडे दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी दोघंजण बसतात, आळीपाळीने. मंगळवार अशासाठी की काही बिघडलं तर दुरुस्तीला आठवडा हाताशी असतो. शुक्रवारी संध्याकाळी लॉक फाइलला हात लावायचा नाही हा नियम माझ्यामुळे आला, आणि तो योग्य आहे.

मेजर आवृत्तीची उडी कशी मारायची?

उडी मारूच नका, पायऱ्या उतरा. स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीचं बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आवृत्ती ३ आली. तिला किमान जावा १७ लागतं, आणि ‘जावाएक्स’ने सुरू होणारी कितीतरी नावं ‘जकार्ता’ झाली. जावा ८ आणि बूट २.३ वरून थेट ३ वर गेलात तर हजारो ओळी एकदम लाल होतात, आणि कुठली चूक जावामुळे, कुठली बूटमुळे, हे उमगत नाही.

आम्ही आधी बूट २.७ वर गेलो आणि दोन आठवडे प्रॉडक्शनमध्ये राहिलो. त्याच बूटवर जावा १७ केलं, पुन्हा थांबलो. मग कालबाह्य म्हणून इशारा येणारी प्रत्येक गोष्ट काढून टाकली. शेवटी ३. त्या शेवटच्या टप्प्यात नावं बदलण्याचं काम ओपनरीराइट या कोड आपोआप बदलणाऱ्या साधनाने बरंचसं केलं. मध्ये मध्ये थांबलो म्हणून प्रत्येक पायरीवरून मागे यायची वाट मोकळी होती. अँग्युलर या वेब चौकटीवालेही एका वेळी एकच मेजर पुढे जायला सांगतात, त्यामागचं कारण हेच.

एक पथ्य: आवृत्ती बदलण्याच्या ब्रँचमध्ये नवी सोय घालायची नाही. "एवढं उघडलंच आहे तर हेही करून टाकू" हा मोह प्रत्येकाला होतो, आणि ब्रँच दोन महिने मर्ज होत नाही.

पोटातल्या लायब्ररीत दोष आहे, पण वरच्या लायब्ररीने अजून अपडेट दिलेलं नाही. तोवर?

पॅकेज.जेसनमधलं ‘ओव्हरराइड्स’ वापरून आतली आवृत्ती सक्तीने बदलता येते. मेव्हनमध्ये ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’. ही मलमपट्टी आहे, म्हणून शेजारी लावल्याची तारीख आणि कधी काढायची ते नोंदवा. जेसनमध्ये टिपण लिहिता येत नाही, आम्ही रीडमीमध्ये लिहितो.

जी लायब्ररी वापरतो तिची देखभालच थांबली आहे. लगेच बदलायची?

‘थांबली’ म्हणजे नक्की काय ते बघा. मोमेंट.जेएस या तारखांच्या लायब्ररीच्या चमूने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं की आता नव्या सोयी नाहीत, नवीन प्रोजेक्टला दुसरं काही निवडा. ही प्रामाणिक निवृत्ती आहे. जुन्या प्रोजेक्टमध्ये ती असेल तर सवडीने बदला. काहीही न सांगता दोन-तीन वर्षं शांत असलेली, आणि इश्यूंना (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना) कोणी उत्तर देत नसलेली लायब्ररी जास्त काळजीची. अशी सोडलेली लायब्ररी "मी सांभाळतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकते. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजच्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारा कोड त्यात आला.

बदलणं सोपं जावं म्हणून लायब्ररीला तुमच्या एकाच फाइलमधून बोलवा. आमच्याकडे तारखेचं सगळं एका फाइलमध्ये आहे. मोमेंट काढायला एक दुपार पुरली.

एआयने एक पॅकेज सुचवलंय. घेऊ का?

आधी ते खरंच आहे का बघा, आणि असेल तर कोणाचं, कधीपासून. ही मॉडेल कधी कधी अस्तित्वात नसलेली नावं पूर्ण आत्मविश्वासाने देतात, आणि अशीच नावं आधी नोंदवून सापळा लावणं कोणालाही जमण्यासारखं आहे.

वरिष्ठ म्हणतात, यात ग्राहकाला काय दिसणार? वेळ कसा मागू?

‘तांत्रिक कर्ज’ वगैरे शब्द वापरू नका, त्यांना ते शंभरदा ऐकून झालेत. तारखा दाखवा: अमुक आवृत्तीचा आधार अमुक महिन्यात संपतो. आणि नियम दाखवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये कुठले घटक आहेत याच्या यादीबद्दल, म्हणजे एसबॉमबद्दल, सर्ट-इनची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर चौकटीतही एसबॉम आहे, त्यामुळे मुंबईतल्या दलाली पेढ्यांना सॉफ्टवेअर देणाऱ्या छोट्या कंपन्यांकडेही ही मागणी येते. ती आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा दर बिल्डला यादी आपोआप निघेल असं करून ठेवा. अशी यादी काढणारी सायक्लोनडीएक्सची साधनं फुकट आहेत.

पंधरवड्यातून दोघांची एक सकाळ, एवढंच मागा. आम्हाला तेवढ्यावर होकार मिळाला.

दोष लायब्ररीतच आहे असं सिद्ध झालं. आता?

आधी तुमच्या प्रोजेक्टशिवाय तो दोष दिसेल असा लहानात लहान नमुना बनवा. मग सभ्यपणे इश्यू लिहा: कुठल्या आवृत्तीपर्यंत चालत होतं, कुठल्यापासून मोडलं, काय अपेक्षित होतं. सुरक्षेचा दोष असेल तर तो जाहीर लिहू नका, त्यांच्या सुरक्षा-धोरणात दिलेल्या वाटेने खाजगीत कळवा. पलीकडे बसलेला माणूस बहुतेक वेळा नोकरी सांभाळून, रात्री हे फुकट करत असतो. त्याला मराठी येत नाही, जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक नसणं हा त्याचा गुन्हा नाही.

पावतीच्या प्रकरणात आम्ही त्या छोट्या लायब्ररीला दोन चित्रं पाठवली, जुनं आणि नवं. ज आणि ञ मिळून एकच आकार का होतो, हे चार ओळींत समजावलं. सोबत नावांची यादी दिली. नवव्या दिवशी दुरुस्ती आली. तिच्या टेस्टच्या फाइलमध्ये आता ‘ज्ञानेश्वर’, ‘विठ्ठल’ आणि ‘कृष्णा’ आहेत, आमच्या यादीतल्याच क्रमाने.